सीटबाई, तुझ्यासाठी कुठलं हत्यार घेऊ?

श्रीमती व्हॉल्व्ह सीट,
मुक्काम सिलिंडर हेड, एक्झॉस्टची बाजू,
बुलेट ३५०, जुनं इंजिन, यांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

इकडील सर्व क्षेम. आपल्याकडील क्षेम कळवावे असं पुढे लिहायची रीत आहे. पण आपल्याकडे क्षेम नाही हे मला कळून चुकलंय आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

दिवाळी झाली आणि गाडीची किक हलकी लागायला लागली. बुलेटची किक म्हणजे माणूस वर उभा राहिला तरी क्षणभर दाद न देणारी. अ‍ॅमीटरचा काटा मध्ये आणायचा, डीकॉम्प्रेशनची लिव्हर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, मग पाय मारायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता पाय ठेवायचा अवकाश, किक सरळ खाली. वर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. घरच्यांचं निदान असं की माझं वजन वाढलं असणार. ते खरंही असेल, पण वजनानं सायलेन्सर फुटत नाही. शेवटी हेड उतरवलं, प्लग जागेवर ठेवून टेबलावर उलटं मांडलं, चेंबर रॉकेलनं भरला आणि दोन्ही पोर्टांत बॅटरी मारून बसलो. (रॉकेल आता मिळतंय कुठे? डिझेल होतं. पण परीक्षेचं नाव रॉकेलचंच राहिलंय.) इनलेटकडची आपली धाकटी बहीण ठणठणीत कोरडी. आपल्या बाजूनं मात्र थेंब जमला, लोंबला, पडला. मागोमाग दुसरा.

व्हॉल्व्ह काढून भिंगाखाली पाहिलं. जिथे एकसारखी राखी रंगाची रेघ असायला हवी तिथे काळे खड्डे, आणि एका जागी सीटच्या आरपार गेलेला तपकिरी ओरखडा. जळता वायू रोज तिथूनच पळत होता. रेघही आता रेघ राहिलेली नाही, चांगली अडीच मिलिमीटर रुंद झालीये. एवढं होईपर्यंत आपण एका शब्दानं बोलला नाहीत, ही माझी पहिली तक्रार.

तक्रारीआधी खरं तर आभार मानायला हवेत. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतं तेव्हा व्हॉल्व्ह आपल्यावर १,५०० वेळा येऊन बसतो. तासाला ९०,००० वेळा. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह म्हणजे ७०० अंश सेल्सिअसच्या घरात तापलेला गडी. त्याच्या अंगची उष्णता जायला मुख्य वाट एकच, तो बसलेला असतानाची आपली नि त्याची गाठ. तेवढ्या वेळात आपण ती घेता, हेडच्या अ‍ॅल्युमिनियमला देता, हेड फिन्सना देतं, फिन्स वाऱ्याला. ही गाठ एका जागी सुटली की तेवढी कड थंड होत नाही, तापून तापून जळते, आणि मग व्हॉल्व्हला पाचर कापल्यासारखी खाच पडते. सगळे म्हणतात, व्हॉल्व्ह जळला. तो का जळला हे विचारायला आपल्यापर्यंत कुणी येत नाही.

पण बाई, इतक्या वर्षांच्या ओळखीत हे अहो-जाहो मला झेपायचं नाही. इथून पुढे अगं-तुगंच बरं.

तर गं, मुद्द्यावर येतो. तुला नव्यानं कापायचं आहे, आणि कशानं कापायचं यावरून मी काही आठवडे नुसता फिरतोय. तू ती केवढी? दीड मिलिमीटर रुंदीचं एक कडं. त्या दीड मिलिमीटरसाठी बाजारात जी हत्यारं आहेत त्यांच्या किमती ऐकून पेन्शनीत माणसानं घाबरावं. वर प्रत्येक जण शपथेवर सांगतो की त्याचंच हत्यार खरं, बाकीची सगळी सीट नासवणारी. आमच्या शेजाऱ्याकडे येझदी आहे. त्याला या सगळ्याची दादच नाही. टू-स्ट्रोक इंजिन, व्हॉल्व्हच नाही, तर सीट कुठली? त्यानं परवा माझ्या टेबलावरचा पसारा पाहिला, चहा प्यायला आणि हसत गेला.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून आधी तो मांडतो. हत्यार निवडणारे नेमकं तेच विसरतात. बुलेटचं सिलिंडर बिडाचं, हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचं, आणि त्या हेडात तू बसवलेली, कडक लोखंडाची. अ‍ॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून तुला बसवताना हेड भट्टीत तापवतात, तुला बर्फात गारठवतात आणि त्या क्षणभराच्या सवलतीत आत सोडतात. नंतर तुला धरून ठेवतं ते फक्त ते चिमूटभर घट्ट माप. तेव्हा तुझ्यावर जे हत्यार धरायचं ते दांडगाई करणारं चालणार नाही. तुझ्या अंगाची गोष्ट आणखी वेगळी: वर्षानुवर्षं मार खाऊन तुझी त्वचा चकाकून कडक होते, काच झाल्यासारखी, आणि हलक्या पोलादाचा कटर त्यावर नुसता घसरत राहतो. म्हणजे हत्यार नाजूकही हवं आणि कठीणही. सासरी असली अट घातली असतीस तर लग्न मोडलं असतं.

तुझ्यावर आणखी एक संकट येणार म्हणून मध्यंतरी बरीच हाकाटी झाली होती. पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याची बारीक पूड तुझ्यावर बसायची आणि व्हॉल्व्ह नि तू यांच्यामध्ये कोरडं वंगण म्हणून काम करायची. १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. ते गेलं ते उत्तमच झालं, पोरांच्या फुप्फुसात जाणारं विष होतं ते. पण जुन्या गाडीवाल्यांनी तुझ्या नावानं सुतक धरलं. सीट आता खोल खोल जाणार, प्रत्येकीला काढून नवी ठोका, असा सल्ला मिळाला. माझं मत तेव्हाही वेगळं होतं. पन्नासच्या वेगानं पन्हाळ्याला जाऊन येणाऱ्या गाडीला तेवढा ताप नाही. ज्या मऊ बिडाच्या सीट तासन्‌तास पूर्ण थ्रॉटलवर रेटल्या जातात त्यांचं दुखणं ते. तुझं दुखणं साधं आहे, कार्बन, खड्डे आणि आमच्या लोकांचं घासणं.

हो, घासणं. त्यावर मला राग काढू दे. एका गॅरेजमध्ये (नाव घेत नाही, तुला आठवत असेलच) तुझी तब्येत दाखवायला नेली, तर तिथल्या माणसानं काठीला रबरी वाटी लावून व्हॉल्व्ह चिकटवला, खरबरीत पेस्ट फासली आणि दोन तळहातांत काठी धरून सुरू झाला. कुर्र, कुर्र, कुर्र. पेस्टचा दाणा मेला की आवाज मऊ होतो, की पुन्हा पेस्ट. चहा येऊन गेला तरी चालूच. खड्डे घालवायला पेस्ट नसते रे बाबा! पेस्टनं तू रुंद होतेस, व्हॉल्व्हच्या तोंडाला खोबण पडते आणि दोघांचे खड्डे एकमेकांत बसून दिसायला मात्र सगळं चकचकीत. रॉकेलच्या परीक्षेत पासही होतं, गार असेपर्यंत. माझ्या लेखी पेस्टचं काम शेवटी एकदा, बारीक दाण्याची, चार-सहा फेरे, आणि तेही सुधारण्यासाठी नाही, तपासण्यासाठी. राखी रेघ पूर्ण वर्तुळ झाली का एवढं बघायचं, पुसायचं, संपलं.

तुला नीट कापताना मी पहिल्यांदा पाहिलं ते इथेच, कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. त्या काळी तिथल्या वस्तादाकडे दगडाचं यंत्र होतं. गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीत, सळई, सळईवर दगडाची वाटी, वरून हातातली मोटर. हेडजवळ एक छोटं स्टँड, त्यात हिऱ्याची टोकदार कणी. दर सीटच्या आधी वस्ताद दगड त्या हिऱ्यावर फिरवून नवा कोन काढून घ्यायचे, कारण एका सीटवर चालला की दगड आपला आकार सोडतो. मग मोटर सुरू, घुंईं आवाज, दोन सेकंदांत दगड उचललेला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. मी विचारलं, एकदम का नाही दाबत? ते म्हणाले, "दगूड टेकवायचा असतोय, दाबायचा न्हाई." बाजूच्या पोर्टात तेलाचं फडकं कोंबलेलं, दगडाची भुकटी गाइडमध्ये जाऊ नये म्हणून. तुझ्यावर आलेला तो रेशमी राखाडी रंग अजून मला कुठल्या कटरनं आलेला दिसला नाही.

मग दगडच का घेत नाहीस, असं तू म्हणशील. काच झालेल्या कडक सीटला दगडासारखं दुसरं काही नाही हे कबूल. पण प्रत्येक व्यासाला वेगळा दगड, प्रत्येक कोनाला वेगळा, मोटर वेगळी, हिरा वेगळा, आणि हे सगळं घरच्या टेबलावर दोन सीटसाठी. शिवाय दगड हे वस्तादाच्या हातातलं हत्यार, शिकाऊ हातात ते एका क्षणात तुझ्यातलं नको तितकं मांस खातं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव, ही दगडाची महती तुझ्यासारख्या लोखंडी बाईपुरती. इंग्लंडात १९३० च्या दशकात रज अल्स्टरसारख्या गाड्यांना ब्राँझची हेडं असत आणि व्हॉल्व्ह थेट ब्राँझवर बसे. मऊ धातूवर दगड धरला की धातू त्याच्या छिद्रांत भरतो, दगड बुजतो आणि कापायच्या ऐवजी घासत बसतो. तिथे धारदार कटरच हवा.

दुसऱ्या टोकाला आहे सर्डी. फ्रेंच मशीन. त्याचं डोकं हवेच्या थरावर तरंगतं, गाइडमधल्या पायलटला स्वतःच शोधून मध्य पकडतं आणि एकाच पात्यानं तिन्ही कोन एका दमात कापतं. मोठ्या गाड्यांच्या हेडची रोज रांग लावणाऱ्या दुकानाला ते शोभतं. मी चौकशी केली. मशीनवाल्यानं हेड हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "ह्याला पकडायचं कुठं?" प्रश्न बरोबर होता. फिन्स, गोलाई, तिरके व्हॉल्व्ह, सपाट म्हणावी अशी जागा नाही. शिवाय त्या पात्याचा आकार आधी ठरलेला असतो, तो तुझ्या मापाचा असेलच असं नाही, आणि तीन कोन एकदम कापताना पातं तुझ्या सगळ्या रुंदीवर जोर लावतं. तुझी हेडातली पकड किती शिल्लक आहे हे कुणालाच माहीत नसताना मी ते करू देणार नाही.

तर उरले हातानं फिरवायचे कटर. त्यातही दोन जाती. एक म्हणजे पेटीतला मोठा संच: वीस-पंचवीस कटर, चारसहा पायलट, एक टी हँडल, किंमत ऐकून आपण खूश. त्यातल्या बऱ्याच कटरना विडियाच्या टिप डागलेल्या असतात. (टंगस्टन कार्बाइड म्हणा, पण आमच्याकडे कुणी म्हणत नाही. क्रुपनं जर्मनीत १९२० च्या दशकात त्याला विडिया नाव दिलं, तेच आमच्या लेथवर मुक्कामाला राहिलं.) मी एका स्नेह्याचा असा संच मागून आणला. टिपांना मार्करनं रंग दिला, जुन्या भंगार हेडवर हलका हात ठेवून दोन फेरे घेतले आणि उलटून पाहिलं. सहांपैकी दोन टिपांचा रंग गेला होता, चार नव्या नवरीसारख्या रंगलेल्याच. म्हणजे कापणारे दोन दात, बाकीचे प्रेक्षक. असा कटर एकाच बाजूला खातो. वर दात सारख्या अंतरावर असले की प्रत्येक दात आधीच्याच्या थरथरीत बरोबर पाय टाकतो, आणि तुझ्या अंगावर लाटा उठतात. बोट फिरवलं तर कळत नाहीत, निळी शाई लावली की फुलासारख्या पाकळ्या दिसतात. मग त्या घालवायला आणखी कापा, आणि पुन्हा पाकळ्या. सगळे संच असे असतील असं म्हणत नाही. पण रंगाची परीक्षा घेतल्याशिवाय घेऊ नये, आणि दुकानदार ती घेऊ देणार नाही.

दुसरी जात नीवेची. अमेरिकेतल्या मिशिगनची मंडळी. एका डोक्यात कार्बाइडची सुटी पाती, स्क्रूनं आतबाहेर सरकणारी, पात्यांवर आरीसारख्या बारीक खाचा. एकच डोकं बऱ्याच व्यासांना चालतं, आणि त्याच्या एका अंगाला ४६ अंश, दुसऱ्या अंगाला ३१. खालच्या अंगाचा ६० वेगळा घ्यावा लागतो. तुझा मूळ कोन ४५. पण व्हॉल्व्ह ४५ आणि तुला ४६ ठेवलं तर पहिल्या भेटीत दोघं एका बारीक रेघेवर भेटता, दाब त्या रेघेवर एकवटतो, आणि पुढे रेघ आपसूक आपली रुंदी शोधते. ज्यांना ४६ कापून वर पेस्टनं घासायचंय त्यांनी ४५ च ठेवावं, एका हातानं दिलेलं दुसऱ्यानं काढून घेण्यात काय हशील.

ही पाती उलटी फिरवायची नाहीत, हे मात्र व्रत. कार्बाइड कठीण पण ठिसूळ, उलटं फिरलं किंवा टेबलावरून पडलं की तुकडा उडतो. घड्याळाच्या दिशेनं, एकाच गतीनं, शेवटच्या दोन फेऱ्यांना हाताचं वजन कमी करत करत अलगद उचलायचं. आधी तुझ्यावरचा कार्बन आणि ती चकाकी एमरी कागदानं मोडायची, नाहीतर हे पातंही घसरतं. ४६ नं आधी खड्डे जाईपर्यंत आणि त्यापुढे एक फेराही नाही. मग वरून ३१, म्हणजे बाहेरची कड आत येते. खालून ६०, म्हणजे आतली कड बाहेर सरकते. दोघांच्या मध्ये दीड मिलिमीटरची रेघ उरते. निळी शाई लावून व्हॉल्व्ह टेकवला की ती त्याच्या तोंडाच्या मध्यावर पडली पाहिजे, काठावर नाही. इनलेटच्या बहिणीला याहून थोडी अरुंद चालते, तिला उष्णतेचा तेवढा जाच नाही. तुझी मात्र अरुंद करायची नाही, कितीही सुबक दिसली तरी. एक्झॉस्टच्या सीटवर एक मिलिमीटरची नाजूक रेघ कापून तिचं कौतुक करणारे मी पाहिलेत. रेघ नाजूक, आणि उष्णता जायला वाटच नाही.

आता ज्यासाठी हे सगळं रामायण, ते सांगतो. मी कटर निवडत फिरत होतो आणि माझ्या लक्षात आलं की लोक कटर बघतात, पायलट कुणी बघत नाही. पायलट म्हणजे ती गाइडमध्ये घालायची सळई, जिच्याभोवती दगड, कटर, सर्डी, सगळेच फिरतात. जात्याचा मधला खिळा ढिला असला तर वरचं पाळं कितीही चांगल्या दगडाचं असो, पीठ एका अंगाला भरड पडतं, तसंच हे. बुलेटचं रेखाटन इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यातलं. १९५० च्या दशकात मद्रासला उत्पादन सुरू झालं, तरी अंगातले इंच गेले नाहीत. पेटीतले पायलट बहुतेक मोटारींच्या मिलिमीटर मापाचे. जवळपासचा घातला तर तो दोन थाऊ ढिला, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट. ऐकायला काहीच नाही. पण गाइडपासून तुझ्यापर्यंत येताना ती ढिलाई वाढते, आणि तू वर्तुळ असतेस खरी, फक्त व्हॉल्व्हच्या मध्याभोवतीचं नाही. नीवेचा पायलट निमुळता असतो, गाइडमध्ये घट्ट रुततो, आणि अगदी जवळजवळच्या मापांत मिळतो. किंमत कटरच्या मानानं थोडी. पण योग्य माप कळायला गाइडचं भोक मोजावं लागतं, आणि ते मोजायला गाइड चांगला असावा लागतो.

तुझा गाइड चांगला नाही, हे तुला मी सांगायला नको. रॉकर वरून जरा तिरका ढकलतो, त्यानं भोक दोन्ही टोकांना पसरट झालंय, व्हॉल्व्ह बोटानं हलवला तर टिकटिक करतो. अशा भोकात पायलट जिथे अडेल तिथे अडेल. म्हणून क्रम ठरलेला: आधी नवा गाइड, मग रीमर, मग पायलट, मग तू. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी उलटं करतात. आधी सीट मारतात, गाइड "पुढच्या टायमाला". पुढच्या टायमाला नवा गाइड येतो, नवा मध्य आणतो, आणि तुला पुन्हा कापावं लागतं. दरवेळी तुझ्यातलं थोडं कमी. आणि तुझ्यात आहे किती? तू खोल गेलीस की व्हॉल्व्ह वर सरकतो, स्प्रिंग सैलावते, रॉकरचा कोन बिघडतो, चेंबर मोठा होऊन कॉम्प्रेशन पडतं. मग तुला काढून नवी बसवायची. ते काम कसं करतात ते तुला सांगू नये, पण सांगतो. तुझ्या अंगावर गोल वेल्डिंगचा थर ओढतात, थंड होताना तो आकसतो आणि तू आपोआप सुटून हेडमधून गळून पडतेस. पाहायला सुरेख, पण त्या जागी कुणीतरी यायला हवी ती पुन्हा घट्ट बसेल अशी, आणि मोठं भोक करायला हेड लेथवर. जोवर टळेल तोवर टाळू.

या बाबतीत तुझ्या मावशीचं बरं आहे. मिरजेला एका मित्राकडे बीएसए एम २० आहे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनं वापरलेली, ४९६ सीसीची साइड व्हॉल्व्ह. तिची सीट हेडात नाहीच, सिलिंडरच्या बिडातच कापलेली. सुटायची भीती नाही, गळायची नाही. साधा, जुन्या पोलादाचा, धार लावता येणारा कटर तिला पुरतो. बिड त्याला मान देतं. ती एकदा कापली की आणखी वीस वर्षं कुणी विचारायला नको. पण तिला खोल खोल नेलं तर बदलायला कडंच नाही, सिलिंडरलाच कोरून आत नवं बसवायचं. सुख तिथेही बेताचंच.

तेव्हा माझा निर्णय असा. मोठी पेटी घ्यायची नाही. नीवेचं एक डोकं ४६-३१ चं, एक ६० चं, आणि नवा गाइड बसवून, रीमर मारून, मोजून, मगच त्या मापाचा पायलट. पैसे जास्त पडले तर ६० चं डोकं मित्राकडून मागून आणीन, पायलट मात्र मागून आणणार नाही. आणि हे सगळं आणल्यावर पहिला हात तुझ्यावर नाही. भंगारातून एक हेड आणून ठेवलंय, आधी त्यावर.

आता तुझ्याकडून काय हवं ते लिहितो, पत्राचा शेवट आहे म्हणून. कापताना थरथरू नकोस. मी टी हँडल दोन्ही हातांनी सारखं धरीन, मान वाकडी करून बघणार नाही, आणि फोन बाहेर ठेवीन. खड्डे खूप खोल असतील तर आधीच सांग, एखादा खड्डा तसाच राहिला तरी मला चालेल, जर तो रेघेच्या बाहेर असेल. सगळेच घालवण्याच्या हट्टापायी तुला पोखरून काढणाऱ्यांतला मी नाही. आणि हेडची पकड धरून राहा. भट्टीत तापवून गाइड काढताना तुला फुकटचा चटका बसेल, तेवढा सोस. गाइड बदलायचं काम मी उद्यमनगरात देणार आहे. वस्ताद आता नाहीत, पण तिथला मुलगा दगड टेकवतो, दाबत नाही.

इनलेटच्या बहिणीस माझा आशीर्वाद सांग. ती कोरडी निघाली म्हणून तिला कापणार नाही. तिला त्याचा राग येईल, पण सांगून बघ.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
गाडीवाला

ता. क. काम झाल्यावर ५०० किलोमीटरच्या आत टॅपेट पुन्हा बघणार आहे. नवी सीट थोडी बसते, व्हॉल्व्ह केसभर वर येतो आणि फट खाल्ली जाते. बुलेटला गार इंजिनवर पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये, एवढीच फट असते, तेव्हा खायला तरी काय आहे? फट गेली की व्हॉल्व्ह तुझ्यावर पुरता बसणार नाही आणि आपण दोघं पुन्हा इथेच. म्हणून गाडी रात्रभर गार होऊ देऊन सकाळी झाकण उघडीन. पुशरॉड अडला तर लगेच सैल करून देईन, तुला कळवायची गरज नाही.